समजून घ्या : मॉर्फिन कोणी शोधले? डॉक्टर वेदनेची दोन औषधे एकत्र का देतात?

तुमसर, डिजिटल डेस्क : कर्करोगाच्या उपचारासाठी तुमसर परिसरातून नागपूर गाठणाऱ्या कुटुंबांच्या कानावर ‘मॉर्फिन’ हे नाव कधी ना कधी पडते. नाव ऐकताच अनेकांना भीती वाटते. हे औषध शोधणारे फ्रिड्रिख झेर्ट्युर्नर मात्र डॉक्टर नव्हते. ते जर्मनीतील औषधाच्या दुकानात शिकाऊ होते.

अडचण काय होती?

झेर्ट्युर्नर यांचा जन्म १७८३ चा. त्या काळी वेदनेवर अफू दिली जाई. पण प्रत्येक गोळ्याची ताकद वेगळी. एकाने आराम पडत नसे, तर दुसऱ्याने जीव जाई. पाडरबोर्नमध्ये काम करताना त्यांनी अमोनिया वापरून अफूतून शुद्ध स्फटिक वेगळे काढले. १८०५ च्या सुमारास त्यांनी हे छापले, पण पदवी नसलेल्या तरुणाकडे कोणी लक्ष दिले नाही.

जिवावर बेतलेला प्रयोग

पुढे त्यांनी स्वतः आणि तीन तरुणांनी अर्धा-अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, असे तीन डोस थोड्या-थोड्या वेळाने घेतले. प्रकृती बिघडली. अखेर व्हिनेगर पिऊन उलट्या कराव्या लागल्या. १८१७ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जग जागे झाले. १८२७ पासून मर्क कंपनीने मॉर्फिन विकायला सुरुवात केली. आता डोस मोजून देता येऊ लागला. १८४१ मध्ये हामेलनला त्यांचे निधन झाले.

मग दोन औषधे कशासाठी?

अफूत एकच औषध नव्हते. १८३२ मध्ये त्यातूनच कोडीन सापडले. मॉर्फिन बराच काळ घेतले की शरीराला सवय होते आणि तोच डोस कमी पडतो. अशा वेळी डॉक्टर त्याच गटातील दुसरे औषध देतात. एकाची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही, म्हणून नवे औषध हिशेबापेक्षा कमी डोसने सुरू करतात. काही रुग्णांना दिवसभरासाठी फेंटानिलचा पॅच आणि अचानक उठणाऱ्या कळेसाठी मॉर्फिन असे दोन्ही दिले जाते. दोन औषधे एकत्र दिल्याने सवय लागणे लांबते का, यावरचे पुरावे अजून मर्यादित आहेत.

हे लक्षात ठेवा

ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन याच गटातील आहेत. ती स्वतःच्या मनाने एकत्र घेऊ नका, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. डोस पुरत नसेल तर डॉक्टरांना सांगा. वेदना सोसत बसू नका.