दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा

जामसाहेब दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा (१८ सप्टेंबर १८९५ – ३ फेब्रुवारी १९६६) हे काठियावाडातील नवानगर (जामनगर) संस्थानाचे शेवटचे सत्ताधारी राजे आणि स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या सौराष्ट्र राज्याचे राजप्रमुख होते. नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर व भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातील हद्दपारीतून सुटलेल्या शेकडो पोलिश मुलांना त्यांनी आपल्या संस्थानात आश्रय दिला. त्यांची छावणी पुढे कोल्हापूरजवळील वळिवडे येथे हलवण्यात आली. पोलंडमध्ये ते ‘भला महाराजा’ या नावाने ओळखले जातात.

पूर्वायुष्य

दिग्विजयसिंहजींचा जन्म काठियावाडातील सरोदर येथे झाला. विख्यात क्रिकेटपटू व नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते, तर इंग्लंडकडून कसोटी क्रिकेट खेळलेले दुलीपसिंहजी हे त्यांचे बंधू. राजकोटचे राजकुमार कॉलेज, इंग्लंडमधील मॉल्व्हर्न कॉलेज आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १९१९ मध्ये ते सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. वझिरिस्तानच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला आणि १९३१ मध्ये ते नियमित सेवेतून निवृत्त झाले.

राज्यकारभार

रणजितसिंहजींना अपत्य नव्हते. त्यांनी दिग्विजयसिंहजींना दत्तक घेतले होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांच्या निधनानंतर दिग्विजयसिंहजी गादीवर आले. १९३५ मध्ये त्यांचा विवाह सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी झाला. त्यांच्या कारकिर्दीत जामनगरात उद्योग, आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांना चालना मिळाली. गुलाबकुंवरबांच्या नावाने उभी राहिलेली आयुर्वेद संस्था पुढे तेथील आयुर्वेद विद्यापीठाचा पाया ठरली. १९३६-३७ च्या हंगामात नवानगरच्या संघाने रणजी करंडक जिंकला. १९३७-३८ मध्ये दिग्विजयसिंहजी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

१९३७ पासून ते नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते. संस्थानिकांची ही प्रातिनिधिक संस्था असल्याने व्हाइसरॉयच्या सरकारात त्यांच्या शब्दाला वजन होते. १९४२ मध्ये ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाच्या व पॅसिफिक युद्ध परिषदेच्या बैठकांसाठी भारताचे प्रतिनिधी म्हणून ए. रामस्वामी मुदलियार यांच्यासह त्यांची निवड झाली.

पोलिश निर्वासितांचा प्रश्न

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार होऊन हद्दपारांची सुटका सुरू झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहणाऱ्या पोलिश सैन्याच्या आधाराने असंख्य कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. भूक, टायफस व थंडी यांमुळे वाटेत अनेकांचा मृत्यू झाला आणि पुष्कळ मुले पोरकी झाली. १९४२ मध्ये लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणमध्ये आले.

या मुलांना बाहेर काढणे जितके कठीण होते तितकेच त्यांना ठेवून घेणारा देश मिळवणे कठीण होते. युद्धाच्या धामधुमीत खर्च, अन्नधान्य व वाहतूक यांची जबाबदारी घेण्यास सरकारे कचरत होती. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत यूजेनियुश बानाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी असलेल्या त्यांच्या पत्नी किरा यांनी भारतात यासाठी प्रयत्न चालवले. १९४१ च्या अखेरीस भारत सरकारने पाचशे मुले स्वीकारण्यास संमती दिली. त्यांना कोठे ठेवायचे, या प्रश्नाला जामसाहेबांनी आपल्या संस्थानातील जागा देऊ करून उत्तर दिले. खर्चासाठी निधी उभारण्यात आला आणि त्यात अन्य संस्थानिकांनीही वाटा उचलावा यासाठी त्यांनी आपल्या पदाचा उपयोग केला.

पोलंडशी त्यांची ओळख जुनी असल्याचे सांगितले जाते. रणजितसिंहजींच्या सहवासात तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये त्यांची पियानोवादक व पोलंडचे माजी पंतप्रधान इग्नात्सी पाडेरेव्स्की यांच्याशी भेट झाली होती, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात आढळते.

बालाचडीची छावणी

मुलांची पहिली तुकडी अश्गाबाद येथून मालमोटारींनी मशहद, झाहेदान व क्वेट्टा या मार्गाने एप्रिल १९४२ मध्ये मुंबईस पोहोचली. सुप्रसिद्ध पोलिश गायिका हांका ऑर्दोनूव्हना या मुलांच्या सोबत होत्या. काही महिने मुलांना वांद्रे येथे ठेवण्यात आले. त्यानंतर ती जामनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर समुद्रकाठी असलेल्या बालाचडी येथे गेली. जामसाहेबांच्या उन्हाळी निवासस्थानाजवळ त्यांच्यासाठी बराकी बांधण्यात आल्या होत्या. शाळा, रुग्णालय व प्रार्थनागृह यांचीही सोय होती. छावणीची प्रमुख जबाबदारी फादर फ्रान्सिशेक प्लुता या पोलिश धर्मगुरूंकडे होती.

आपण आता अनाथ नसून नवानगरचे रहिवासी आहोत आणि जामसाहेब हे आपले बापू आहेत, अशी ग्वाही त्यांनी स्वागताच्या वेळी दिल्याचे छावणीतील अनेकांनी उतारवयात नमूद केले आहे. मुलांनी भाषा व धर्म विसरू नये याकडे त्यांचे लक्ष असे. शिक्षक पोलिश होते, पोलिश पुस्तकांचे ग्रंथालय होते आणि मुले पोलिश सण साजरे करीत. मुलांच्या नाट्यप्रयोगांना जामसाहेब उपस्थित राहत. जेवणात वारंवार येणाऱ्या पालकाच्या भाजीविरुद्ध मुलांनी संप पुकारला तेव्हा ती भाजी बंद करण्याचा आदेश त्यांनी दिला, ही आठवणही सांगितली जाते.

वळिवडे येथे स्थलांतर

१९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी उभारण्यात आली. बालाचडीत प्रामुख्याने मुले होती, तर वळिवड्यास सैनिकांच्या बायका, मुले व वृद्ध अशी कुटुंबे होती. सुमारे पाच हजार लोकांच्या या वसाहतीत शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह व दुकाने होती. क्षयरोग्यांसाठी पाचगणी येथे व्यवस्था होती. वळिवड्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत असे.

युद्ध संपल्यावर या लोकांपुढे नवा पेच उभा राहिला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातील साम्यवादी वर्चस्वाखालील सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता गेली. निर्वासितांपैकी बहुतेकांची गावे आता सोव्हिएत संघात समाविष्ट झाली होती. ज्या सत्तेने त्यांना हद्दपार केले तिच्याच छायेत परत जाण्यास ते तयार नव्हते. प्रौढांना स्वतःचा निर्णय सांगता येत होता. अनाथ मुलांच्या वतीने मात्र कायदेशीर पालकाने बोलणे आवश्यक होते. वॉर्सा सरकार त्यांना परत मागण्याची शक्यता होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार, सक्तीने पाठवणी होऊ नये म्हणून बालाचडीतील अनाथ मुलांना सामूहिक दत्तक घेण्याची कायदेशीर नोंद नवानगरात करण्यात आली. तीत जामसाहेब व फादर प्लुता यांचा सहभाग होता. या उपायाने मुलांचे पालकत्व निश्चित झाले आणि त्यांच्या भवितव्याचा निर्णय केवळ दोन सरकारांच्या हाती राहिला नाही.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद करून उरलेल्या मुलांना वळिवड्यास हलवण्यात आले. त्याच सुमारास निर्वासितांची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे जाऊ लागली. स्वतंत्र भारतात ही छावणी फार काळ ठेवणे शक्य नव्हते. १९४८ पर्यंत वळिवडे रिकामे झाले. थोडे लोक पोलंडला परतले. इतर ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इत्यादी ठिकाणी गेले. रिकाम्या बराकींत फाळणीमुळे विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे आली. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

विलीनीकरण व उत्तरायुष्य

संस्थानांच्या विलीनीकरणात दिग्विजयसिंहजींनी सरदार वल्लभभाई पटेल यांना साहाय्य केले. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी काठियावाडातील संस्थानांचे संयुक्त राज्य स्थापन झाले. त्यालाच पुढे सौराष्ट्र हे नाव मिळाले. दिग्विजयसिंहजी त्याचे राजप्रमुख झाले. सोमनाथ मंदिराच्या पुनर्उभारणीत त्यांचा पुढाकार होता. तेथील दिग्विजयद्वार त्यांच्या नावाने ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सौराष्ट्र द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले आणि राजप्रमुखपद संपुष्टात आले. मराठवाडा तसेच चांदा जिल्ह्यासह विदर्भही त्याच दिवशी त्या राज्यात आला.

संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुत्र शत्रुशल्यसिंहजी यांच्याकडे जामसाहेब हे पद आले.

स्मारके

पोलंडमधील साम्यवादी राजवटीच्या काळात हद्दपारीविषयी उघडपणे बोलणे शक्य नव्हते. त्यामुळे जामसाहेबांच्या कार्याची तेथे सार्वजनिक दखल १९८९ नंतरच घेतली गेली. वॉर्सातील एका शाळेला त्यांचे नाव आहे. ओखोता भागात ‘भल्या महाराजाचा चौक’ असून तेथे त्यांचे स्मारक आहे. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मानपदकही दिले. वळिवड्याच्या छावणीचे स्मारकही वॉर्सात असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दोन्ही स्मारकांना भेट दिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. बालाचडीच्या जागेवर सध्या सैनिकी शाळा आहे. २०१३ मध्ये या छावणीवर ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट तयार झाला.