फिरत्या शाळा

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथील लहान लहान खेडी दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेली होती. रस्ते वाईट, जमीन हलकी आणि शेतीवर व मेंढरांवर गुजराण करणारी माणसे बहुतेक निरक्षर. त्यांना वेल्श भाषेखेरीज दुसरी भाषा येत नसे. ह्याच मुलुखात, कारमार्थनशायर परगण्यात, १६८४ च्या सुमारास ग्रिफिथ जोन्स यांचा जन्म झाला. त्यांची प्रकृती नाजूक होती; दम्याच्या विकाराने त्यांना जन्मभर छळले.

धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यावर त्यांना हिंदुस्थानात, तरंगमबाडी येथे, जाण्याविषयी विचारणा झाली होती. पुष्कळ विचारान्ती त्यांनी नकार दिला. आपल्याच मुलुखातील अज्ञान त्यांना अधिक बोचत होते. १७१६ साली ते लानडाउरोर ह्या लहानशा गावी चर्चचे पाळक झाले आणि तेथेच त्यांनी आपले आयुष्य वेचले.

रविवारच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते लोकांना चर्चमध्ये जमवून धर्मविषयक प्रश्न विचारीत. उत्तर येत नसल्यामुळे प्रौढ माणसे लाजून दूर राहत. ज्यांना एक अक्षरही वाचता येत नाही, त्यांच्या कानांवरून नुसती प्रवचने वाहून जातात, हे जोन्स यांच्या ध्यानी आले. त्याच सुमारास परगण्यात रोगाची साथ पसरली आणि कित्येक माणसे दगावली. मग मात्र त्यांना धीर धरवेना. १७३१ च्या सुमारास त्यांनी शाळेचे काम हाती घेतले.

पण शाळा चालवावी कशी? इमारतीला पैसा नव्हता, शिक्षक थोडे होते आणि उन्हाळ्यात पोरे शेतावर राबत. जोन्स यांनी साधीच युक्ती योजिली. हिवाळ्यात, कामे थंडावली म्हणजे, शिक्षक एखाद्या गावी जाई. चर्च किंवा शेतकऱ्याचे घर हीच शाळा. सुमारे तीन महिने शिकवून तो पुढच्या गावाची वाट धरी. दिवसा मुले शिकत, रात्री मजूर आणि मोलकरणी येत. चष्मा लावून अक्षरे गिरविणारे, नव्हे, नुसती ओळखणारे म्हातारेही त्यांत असत. कारण ह्या शाळांत केवळ वाचन शिकवीत. लेखन व गणित यांना तेवढ्या अवधीत सवड नव्हती. शिक्षकांची तयारी जोन्स स्वतः लानडाउरोर येथे करून घेत. त्यांचे वेतन अगदी तुटपुंजे असे.

खरा वाद झाला तो भाषेवरून. पूर्वीच्या धर्मादाय शाळांतून बहुधा इंग्रजी शिकवीत. वेल्श भाषा मागे पडावी, असेच कित्येकांना वाटे. जोन्स यांनी आपल्या वार्षिक वृत्तांतांतून त्यांना उत्तर दिले. परकी भाषा आधी शिकून मग तीत वाचायचे म्हटले तर गरिबाची वर्षे जातील. मायबोलीत तोच मनुष्य तीन महिन्यांत वाचू लागतो, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले.

पैशासाठी त्यांनी इंग्लंडमधील दानशूरांना पत्रे लिहिली. लार्न गावच्या ब्रिजेट बेव्हन ह्या श्रीमंत बाईंनी त्यांना मोठा आधार दिला. १७६१ साली त्यांच्याच घरी जोन्स यांनी देह ठेविला. तोवर ३,३०० हून अधिक शाळा भरल्या होत्या आणि १,५०,००० हून अधिक विद्यार्थ्यांची नोंद झाली होती. रात्री येणारे प्रौढ त्यांत धरलेलेच नाहीत.

पुढे अठरा वर्षे बेव्हनबाईंनी शाळा चालविल्या. १७७९ साली त्या वारल्या. शाळांसाठी त्यांनी ठेविलेली रक्कम नातलगांच्या भांडणामुळे वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडली आणि शाळा बंद झाल्या. वाचावयास शिकलेली माणसे मात्र तोवर गावोगाव झाली होती.