धुळीत हरवलेले ऊन मोजणाऱ्या अ‍ॅना मणी
चुडाव्याच्या शिवारात सकाळी सूर्य धुरकट दिसला, तर समजा, धूळ-धुराच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवले आहे. काजळी ऊन शोषते, सल्फेटचे कण ते परतवतात. मग जमिनीपर्यंत पोहोचते किती? हे मोजण्याची शिस्त देशात आणली अ‍ॅना मणी (१९१८–२००१) यांनी. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर पाच शोधनिबंध लिहूनही एमएस्सी नाही म्हणून त्यांना पीएचडी नाकारली गेली. अन्यायच तो! १९४८मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवरची भिस्त कमी व्हावी म्हणून सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. १९५७-५८मध्ये सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. अशाच मोजमापांवरून हवेच्या गढूळपणाचा त्यांचा सहकाऱ्यांसोबतचा अभ्यास १९६९मध्ये प्रसिद्ध झाला.