औषधापेक्षा पहारा मोठा

मोडलेले मनगट बसविताना रुग्णास कोणती भूल द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि असा रुग्ण पुष्कळदा वयस्कर असतो आणि नुकताच जेवलेलाही असतो. पूर्ण भूल दिली तर उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत शिरण्याचे भय. न दिली तर वेदना असह्य. या पेचातून एक वाट काढली ती ऑगस्ट बियर या जर्मन शल्यविशारदाने. त्याचे चरित्र आजही उद्‌बोधक आहे.

बियर यांचा जन्म १८६१ साली हेल्सेन येथे झाला. कील येथे ते एस्मार्क यांचे साहाय्यक होते. अवयवावर रबरी पट्टा आवळून रक्तस्रावाविना शस्त्रक्रिया करण्याची रीत याच एस्मार्क यांनी रूढ केली होती. १८९८ साली बियर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. पण रुग्णांना डोकेदुखी व उलट्यांचा त्रास झाला. तेव्हा त्यांनी हा प्रयोग स्वतःवर करवून घेण्याचे ठरविले. पिचकारी सुईला नीट बसेना, कण्यातील द्रव वाहून गेला आणि प्रयोग फसला. मग साहाय्यक हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांचे पाय बधिर झाले खरे, परंतु नंतर दोघांनाही दुखणे भोगावे लागले. १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बियर यांनी यशाबरोबर हा त्रासही नमूद केला.

पुढे बर्लिनमध्ये असताना, १९०८ साली, त्यांनी गुरूचा पट्टा नव्या कामास लावला. हातावर पट्टे आवळून मधल्या शिरेत नोव्होकेन सोडले की तेवढाच भाग बधिर होई. १९६३ साली होम्स यांनी लिग्नोकेन वापरून या पद्धतीस नवजीवन दिले आणि मनगटाच्या अस्थिभंगासाठी ती अपघात विभागांत रुळली.

परंतु सोपेपणातच धोका दडलेला होता. दंडावरचा पट्टा अवेळी सैल झाला, तर हातात कोंडलेले औषध एकदम हृदयाकडे व मेंदूकडे धावते. ब्रिटनमध्ये बुपिव्हाकेन या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाने काही रुग्ण दगावले. साहजिकच १९८० च्या दशकात या पद्धतीसाठी ते औषध वर्ज्य ठरले. आज तेथे प्रिलोकेन पसंत केले जाते.

मात्र औषध बदलले म्हणजे जबाबदारी संपली, असे मानणे घातक होय. हाड ५ मिनिटांत बसले तरी पट्टा किमान २० मिनिटे सोडावयाचा नसतो. हाड बसविणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने पट्ट्यावर व रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. प्राणवायू आणि हृदयक्रिया सावरण्याची साधने हाताशी असावी लागतात. एवढी माणसे व साधने जेथे नाहीत, तेथे हाडाच्या फटीतच बधिरीकरणाचे औषध टोचणे किंवा रुग्णास योग्य ठिकाणी पाठविणे हेच शहाणपणाचे. फटीतील औषधाने वेदना तितकी थांबत नाही, हे खरे. परंतु थोडी अधिक वेदना पत्करता येते, प्राण गमावून चालत नाही.

१९४९ साली साउएन येथे बियर यांचे निधन झाले. तेथील रेताड जमिनीवर त्यांनी अनेक वर्षे खपून मिश्र वृक्षांचे वन वाढविले होते. नाव कायम राहिले ते मात्र त्यांच्या भूलपद्धतीमुळे. गर्दीच्या अपघात विभागात ती वापरणाऱ्याने त्यांचे नावच तेवढे घेऊ नये. दुष्परिणाम उघडपणे नोंदविण्याची त्यांची वृत्ती आणि पट्ट्यापाशी थांबण्याचा संयमही घ्यावा.