सोलापूर घेतले, पदक मात्र नाही

ब्रिटिश मोहिमांची जुनी पदके जमवणाऱ्यांत ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे चांदीचे पदक मानाचे. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असते. खडकी, कोरेगाव, सीताबर्डी धरून अशा २१ पट्ट्या निघाल्या. सोलापूरची निघाली नाही.

सोलापूर घेणारा थॉमस मन्रो १७६१ मध्ये ग्लासगोत जन्मला आणि १७८० मध्ये कंपनीच्या मद्रास फौजेत आला. हैदर आणि टिपू यांच्याशी लढला. पण नाव झाले ते रयतवारीमुळे, म्हणजे जमीनदाराला वगळून थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीमुळे. मे १८१८ मध्ये पेशव्यांचे पायदळ आणि तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली सोलापुरात होत्या. मन्रोने त्याहून लहान फौजेनिशी १० मे रोजी शहरावर हल्ला चढवला. काही दिवसांत भुईकोटही पडला.

पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८२७ मध्ये पत्तिकोंड्याला पटकीने गेला. पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, तेही तेव्हा हयात असलेल्यांपुरते. तोवर जगलेल्या मद्रासी शिपायांनाही सोलापूरसाठी काही मिळाले नाही. त्यामुळे ‘सोलापूर’ कोरलेली पट्टी कोणी विकायला आणली, तर ती बनावटच.