नटवर्य कै. भगवानदादा पालव

थोरांची चरित्रे वाचावीत, असे आपण आपल्या मुलांस नित्य सांगत असतो. थोर म्हणून जी नावे आपण घेतो ती राजांची, संतांची, देशभक्तांची व समाजधुरीणांची असतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने पुष्कळ मिळविले, मिळविलेले सर्व गमावले आणि तरीही ज्याने कष्टाची लाज धरली नाही, अशा पुरुषाचे चरित्रही तितकेच बोधप्रद असते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही चित्रपटसृष्टीतील नटवर्य कै. भगवान आबाजी पालव, ज्यांस लोक मास्टर भगवान किंवा भगवानदादा या नावाने ओळखतात, त्यांची जीवनकथा वाचकांस सादर करीत आहोत.

भगवानदादा यावलचे नव्हते, खानदेशचेही नव्हते. मग त्यांचे चरित्र आपल्या पानांत कशास, असा प्रश्न काही ज्येष्ठ बांधव विचारतील. त्याचे उत्तर सरळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत वाढलेला आपला तरुण भुसावळास गाडीत बसतो व मुंबईस उतरतो, तेव्हा नोकरीच्या शोधाबरोबरच कधी कधी पडद्यावर दिसण्याची आशाही त्याच्या मनात असते. त्यास पहिले काम मिळते ते बहुधा गर्दीत उभे राहण्याचे. ही वार्ता गावी आली की घरची माणसे ती चारचौघांत सांगण्यास संकोचतात. या संकोचास कितपत आधार आहे, आणि त्या तरुणाच्या आशेस तरी कितपत आधार आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे भगवानदादांच्या आयुष्यात सापडतात.

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावती येथे झाला. त्याच वर्षी ३ मे रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला होता. म्हणजे आमचे चरित्रनायक आणि भारतीय चित्रपट हे दोघे एकाच वर्षाचे अपत्य होत. त्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री पुढे येईना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास फाळक्यांनी ती भूमिका दिली, हे वाचकांस ठाऊक असेलच. चित्रपटाचा धंदा आरंभापासूनच अशा साध्या कष्टकरी माणसांच्या खांद्यावर उभा राहिला आहे.

भगवानदादांचे वडील कापडगिरणीत कामगार होते. कुटुंब मुंबईच्या गिरणगावात स्थायिक झाले आणि भगवानदादांनीही कोवळ्या वयात मजुरी पत्करली. परंतु त्यांचे चित्त चित्रपटात गुंतलेले होते. अंगाने ते दणकट, व्यायामाची व कुस्तीची त्यांस आवड. त्या काळी डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाच्या साहसपटांनी मुंबईच्या पिटातील प्रेक्षकांस वेड लाविले होते आणि भगवानदादा त्या नटाचे निस्सीम भक्त बनले होते. दादर-परळच्या आसमंतात तेव्हा मूकपटांच्या कंपन्या होत्या. गिरणीच्या भोंग्याच्या हाकेच्या अंतरावर हे दुसरे जग गजबजले होते. भगवानदादा या जगात शिरले ते अगदी किरकोळ कामे पत्करून.

या किरकोळ कामाचे स्वरूप येथे थोडे सांगणे अवश्य आहे. चित्रपटात दरबार भरतो, लढाई होते, बाजार फुलतो, लग्नाची वरात निघते. नायक-नायिका दोघेच असले तरी त्यांच्या मागे शेदोनशे माणसे लागतात. या माणसांस पूर्वी ‘एक्स्ट्रा’ म्हणत. या शब्दात हेटाळणी आहे म्हणून पुढे ‘ज्युनियर आर्टिस्ट’ असे नाव रूढ झाले. कंपनीस इतकी माणसे पुरविणारा एक मध्यस्थ असतो, त्यास ‘सप्लायर’ म्हणतात. मजुरी त्याच्या हातून मिळते आणि त्यातून त्याचा हिस्सा आधी वजा होतो. ज्यापाशी मेजवानीच्या प्रसंगास शोभेल असा पोशाख आहे त्यास अधिक मोल, खेडुताच्या वेषात उभा राहणाऱ्यास कमी. सकाळी वेळेवर हजर व्हावयाचे, रंग लावून तासन् तास बसून राहावयाचे, हाक येताच धावावयाचे, आणि कॅमेऱ्याकडे मुळीच पाहावयाचे नाही. नायकाचा प्रवेश साधला नाही की गर्दीसही तेच चालणे, तेच हसणे पुनः पुन्हा करावे लागते. एवढे करून जो उत्तम काम करतो तो प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नाही. लक्षात न राहणे हेच त्याचे कौशल्य होय! हे काम आळशाचे नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मुंबईत झळकला आणि मूकपटांचे युग मावळू लागले. ज्यांस बोलता-गाता येईना असे कित्येक नट मागे पडले. भगवानदादा टिकले. ‘बेवफा आशिक’ या मूकपटात कुबड्याच्या भूमिकेने त्यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले होते. परंतु केवळ नट म्हणून टिकून राहण्यावर ते समाधानी नव्हते. गर्दीत उभे असताना त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. कॅमेरा कोठे लावतात, मारामारीचा प्रसंग कसा बसवितात, कमी पैशांत काम कसे उरकतात, हे त्यांनी पाहून पाहून आत्मसात केले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीने त्यांनी ‘बहादुर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. त्यानंतरच्या दशकात त्यांनी एकामागून एक साहसपट काढले. हे चित्रपट अल्प खर्चाचे असत व त्यांचा प्रेक्षक मुख्यतः कामगार व कष्टकरी असे. दिवसभर साच्यावर राबणाऱ्यास घटकाभर हसविणे व थरारविणे, एवढाच त्यांचा उद्देश होता आणि तो ते पुरा करीत.

साहसपटांचे काम जोखमीचे. त्या काळी नटच उड्या मारीत, नटच मार खात. १९४२ सालच्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवानदादांनी नायिकेस चपराक मारण्याचा प्रसंग होता. ती चपराक वाजवीपेक्षा जोराने बसली आणि ललिता पवार यांच्या चेहऱ्यास पक्षाघात होऊन डावा डोळा कायमचा अधू झाला. आपल्या शेजारच्या येवल्यास जन्मलेल्या आणि बालवयापासून मूकपटांत लहानमोठी कामे करीत वर आलेल्या या थोर अभिनेत्रीची नायिका म्हणून कारकीर्द त्या एका क्षणाने संपली. पुढे त्याच अधू डोळ्यानिशी खाष्ट सासूच्या भूमिका करून त्यांनी अढळ कीर्ती मिळविली, ही त्यांची जिद्द. चरित्रनायकाचा गौरव करताना असे प्रसंग झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पडद्यावरील खेळाची किंमत कोणास तरी शरीराने मोजावी लागते, हे तरुणांस कळले पाहिजे.

१९४१ साली भगवानदादांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचे संगीत रामचंद्र चितळकर या तरुणाने दिले होते. हेच पुढे सी. रामचंद्र या नावाने विख्यात झाले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास जन्मलेल्या या संगीतकाराचाही चित्रसृष्टीतील आरंभ नट म्हणूनच झाला होता. नायकाचे काम केलेला चित्रपट पडल्यावर त्यांनी मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका केल्या होत्या. पडद्याच्या कडेला उभे राहिलेल्या या दोन मराठी माणसांची मैत्री जन्मभर टिकली. १९४२ साली भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ने चितळकरांस हिंदी चित्रपटांत संगीतकार म्हणून स्थान मिळाले. त्याच सुमारास भगवानदादा स्वतः निर्माते झाले आणि १९४७ साली त्यांनी चेंबूर येथे जागृती स्टुडिओ उभारला. ज्याने मजुरी करून आयुष्यास आरंभ केला तो आता शेकडोंस मजुरी देणारा झाला.

साहसपट सोडून सामाजिक कथेचा चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि भगवानदादांनी तो मानला. त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ निर्माण झाला. रंगभूमीची स्वप्ने पाहणारा एक गरीब तरुण घरच्यांच्या तिरस्कारास कंटाळून बाहेर पडतो व कीर्तिमान नट होतो, अशी ही कथा. भगवानदादा नायक, गीता बाली नायिका, गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्रांचे. भगवानदादा रूपवान नव्हते, बांधा आखूड व स्थूल. असा नायक कोण पाहील, अशी शंका कोणासही यावी. परंतु पडद्यावर ते हलक्या पावलांनी व डोलत्या हातांनी नाचू लागले आणि प्रेक्षकांस आपल्यातीलच एक माणूस नाचतो आहे असे वाटले. वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत कोणासही सहज साधावे असे ते नृत्य होते. ‘अलबेला’ त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला. पुढील पिढ्यांच्या अनेक नामांकित नायकांनी, अमिताभ बच्चन यांनीदेखील, हीच चाल उचलली. जुहूस समुद्रकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारास निराळी मोटार, असे त्या काळच्या वैभवाचे वर्णन केले जाते.

परंतु लक्ष्मी चंचल आहे. ‘अलबेला’चे यश पुन्हा साधावे म्हणून १९५३ साली तोच संच घेऊन काढलेल्या ‘झमेला’स तसे यश लाभले नाही. एक चित्रपट अपुरा राहिला व त्यात फार पैसा बुडाला. १९६६ सालचा ‘लाबेला’ही पडला. प्रत्येक डाव स्वतःच्या पैशाने खेळण्याची दादांची रीत. एका चित्रपटाची मिळकत दुसऱ्यात घालावयाची, बाजूस काही ठेवावयाचे नाही. परिणामी स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत राहावयास आले. ज्या गिरणगावातून ते उठले होते तेथेच ते परतले.

येथून पुढचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पडलेले कित्येक नट घराची दारे लावून बसतात व गतवैभवाचे उसासे टाकतात. भगवानदादांनी तसे केले नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५), ‘चोरी चोरी’ (१९५६) अशा चित्रपटांत त्यांनी दुय्यम कामे केली होतीच. पुढे कामे याहूनही लहान होत गेली. कधी एखादे वाक्य, कधी नुसती ओळखीची चार पावले, कधी गर्दीतील एक चेहरा. एके काळी जे स्वतः शेकडो माणसांस गर्दीत उभे करीत, ते आता दुसऱ्याच्या हाकेची वाट पाहत बसू लागले. ही कामे त्यांनी पोटासाठी केली आणि उघडपणे केली. श्रीमंतीत भोवती असणारी माणसे पांगली. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण व नट ओमप्रकाश एवढे मात्र चाळीचा जिना चढून त्यांच्या भेटीस जात. गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपुढे थांबे, ‘अलबेला’तील गीताची धून वाजे आणि दादा बाहेर येऊन पावले टाकीत, तेव्हाच ती पुढे सरके, असे दादरकर आजही सांगतात. बंगला राहिला नाही, परंतु ही मानवंदना अखेरपर्यंत राहिली.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. २०१६ साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला व नव्या पिढीस त्यांची ओळख झाली.

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नांकडे वळू. गर्दीत उभे राहून मिळविलेला रुपया हा शेतात निंदणी करून मिळविलेल्या रुपयाइतकाच स्वच्छ आहे. ज्या मातापित्यांस आपल्या मुलाच्या या कामाची लाज वाटते, त्यांनी दादांच्या उतारवयाकडे पाहावे. त्यांनी ही लाज धरली असती तर उपाशी राहण्याचीच वेळ आली असती. परंतु तरुणांसही आमचे सांगणे आहे. गर्दीतून एक भगवानदादा झाला, त्यामागे उभे असलेले हजारो जन्मभर गर्दीतच राहिले, आणि तो एकही शिखरावर टिकला नाही. म्हणून हातात दुसरी एखादी कला वा विद्या असू द्यावी, मिळकतीतील काही भाग बाजूस ठेवावा, आणि कामाची बोली तोंडी न ठेवता कागदावर करून घ्यावी. चित्रपट कामगारांशी लेखी करार करण्याचे बंधन घालणारा कायदा संसदेने १९८१ साली केला, तोवर दादांच्या उमेदीचा काळ सरून गेला होता.

समाज म्हणून आपलेही एक कर्तव्य आहे. मुंबईस गेलेल्या आपल्या मुलाचे काम लहान म्हणून त्याची चौकशी टाळू नये. चाळीचा जिना चढणारे तीन मित्र भगवानदादांस लाभले. आपल्या प्रत्येक मुलास निदान एक तरी असा आप्त लाभावा, अशी आम्ही परमेश्वराजवळ प्रार्थना करितो आणि कै. भगवानदादांच्या स्मृतीस नम्रपणे अभिवादन करितो.