यीस्टचा रस आणि साखरेचा पाक

वरुड-मोर्शीचे संत्रे सोलताना बोटांना लागणारा वास मुख्यतः लिमोनीन या द्रव्याचा. झाड ते साखरेपासून बनवते. काम करतात पेशीतली विकरे, म्हणजे एन्झाइम. हीच विकरे पेशीबाहेर कामाला लावता येतील, हे जगाला पहिल्यांदा पटवून दिले एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने.

बुखनर यांचा जन्म २० मे १८६० रोजी म्युनिकचा. वडील लवकर वारले. पैशांअभावी शिक्षण थांबले आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे चार वर्षांनी मोठा भाऊ हान्स याच्या आधाराने ते शिकले.

साखरेचे मद्य जिवंत यीस्टशिवाय होत नाही, असे लुई पाश्चर यांचे मत होते आणि तेच सर्वमान्य होते. १८९३ मध्ये बुखनर यांनी यीस्टच्या पेशी फोडून पाहायला सुरुवात केली. पण त्यातून काही निघणार नाही असे प्रयोगशाळेच्या वरिष्ठांना वाटले आणि काम थांबले.

१८९६ च्या सुट्टीत ते हान्सच्या संस्थेत गेले. तिथे यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबयंत्रात पिळून रस काढला जात होता. तो प्राण्यांवरील प्रयोगांसाठी हवा असल्याने जंतुनाशक चालणार नव्हते आणि रस तर लवकर नासे. मग मुरांबा टिकावा तशी त्यात भरपूर साखर घातली. रस टिकणे दूरच, तो फसफसू लागला! एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होत होते.

१८९७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा रसात पेशींचे जिवंत तुकडे उरले असतील, अशी शंका निघाली. बुखनर यांनी रस वाळवून, गाळून पुन्हा पुन्हा तपासला. १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते पाहायला हान्स नव्हता, तो १९०२ मध्येच गेला होता. पहिल्या महायुद्धात रुमानियातल्या आघाडीवर जखमी होऊन ऑगस्ट १९१७ मध्ये, ५७ व्या वर्षी बुखनर यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २७ विकरे एकत्र करून ग्लुकोजपासून लिमोनीन बनवले. जिवंत सूक्ष्मजीवांकडून ते फार काढता येत नाही, कारण ते त्यांनाच विषारी ठरते. भांड्यात पेशीच नसेल, तर मरणार कोण?